भूक नाही म्हणणाऱ्या मुली

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यांत जास्त कौतुक झालं ते माझ्या मुलीच्या उपवासांचं. मला ते कौतुक सुरुवातीपासून डोळ्यांत खुपत होतं, आणि तसं बोलून दाखवायची सोय नव्हती. आपली पोर देवाधर्माला लागली म्हणून तक्रार करणारी आई कुणी पाहिली आहे का?

दोन हजार सालानंतरची ती पहिलीपहिली वर्षं. आम्ही लंडनच्या कडेला पिनरला राहत होतो. नवरा वॉटफर्डच्या बाजूला एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. मुलीची जीसीएसईची, म्हणजे तिकडच्या दहावीची, परीक्षा नुकतीच संपली होती. सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या, त्या आषाढी एकादशीच्या जरा आधी. इंग्लंडात जन्मलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी नात देवापुढे त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजी, चातुर्मास म्हणजे काय? मी पण करू?" सासूबाईंना भरूनच आलं. दुकानातून आणलेली फोनकार्डं खरवडून खरवडून त्यांनी निम्म्या पुण्याला ही बातमी कळवली.

व्रत ठरलं ते असं. चार महिने दिवसातून एकदाच जेवायचं, आणि सोमवार, चतुर्थी, एकादशी पूर्ण उपास. आता, 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही आपली रीत. साबुदाण्याच्या खिचडीसाठी उपास करणारी मंडळी असतात, त्यांच्यातली मी. पण ही पोर खिचडीलाही हात लावेना. दाण्याचा कूट नको, तूप नको, रताळं नको. "आजी, मी निर्जळी करते," म्हणायची. सासूबाई माझ्याकडे बघायच्या, आणि त्या बघण्यात 'शिक जरा' असं स्पष्ट लिहिलेलं असायचं.

ऑगस्टमध्ये ती घरात जाड जंपर घालून वावरायला लागली. बाथरूमच्या जाळीत केसांचे पुंजके निघायला लागले. मनगटाची हाडं मी दिवसभर पडद्यावर बघते. ती आता टेबलापलीकडून, कातडीवरून दिसायला लागली. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, हे काही खरं नाही. बघा जरा तिच्याकडे." ते म्हणाले, "अगं, एकादशीनं कुणी मेलंय का? आईला किती बरं वाटतंय बघ. परीक्षेचं टेन्शन उतरलं की होईल सगळं ठीक." दिवसभर लोकांची नाडी धरून बसणारा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मुलीला विचारलं की तिचं उत्तर तयार असायचं. "आई, प्लीज, डोन्ट स्टार्ट. मी नेक्स्ट डोअर खाल्लं. माझी पोट फुल आहे." आणि नेक्स्ट डोअर म्हटलं की मी गप्प बसायचे. कारण शेजारच्या बाईंच्या हातचं नाकारणं सोपं नव्हतं, हे मला अनुभवानं ठाऊक होतं.

या बाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, ताठ. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. मूळच्या पोलंडमधल्या, ज्यू. लढाईत नाझींनी त्यांचं शहर घेतलं, तिथल्या सगळ्या ज्यूंना गावातल्या सर्वांत घाणेरड्या वस्तीत कोंबलं आणि भोवती काटेरी तारा ठोकल्या. त्या घेट्टोत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. हे मला त्यांच्या यजमानांनी एकदा कुंपणाशी उभं राहून हळू आवाजात सांगितलं होतं. यजमान गेले आणि तो विषयही गेला. बाई स्वतः त्यातलं एक अक्षर बोलत नसत.

माझी मुलगी प्रायमरी स्कूलमध्ये असताना माझी ड्यूटी संपेपर्यंत त्यांच्याकडे थांबायची. 'भूक लागली का?' हा प्रश्न त्यांनी तिला कधी विचारला नाही. ती आली की पुढ्यात ताटली. जाडजूड पाव, वर बोटभर लोणी. सासूबाई आल्यावर त्यांचं आणि बाईंचंही जमून गेलं, तेही भाषेवाचून. बागेत खुर्च्या टाकून बटाटे सोलत बसायच्या. सासूबाई साल इतकी पातळ काढायच्या की तिच्यातून पलीकडचं दिसावं. शेजारच्या बाई ती साल उचलून उजेडात धरायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "गुड. व्हेरी गुड." मी सोललेल्या बटाट्यांकडे मात्र त्या पाहायच्याही नाहीत.

सप्टेंबरात एका दुपारी मी दोरीवरचे कपडे काढत होते. बाई कुंपणाशी आल्या. त्या इंग्रजीतच बोलायच्या. मी मराठीत सांगते.

"तुझी मुलगी कधी जेवते?"

"संध्याकाळी तुमच्याकडे जेवते ना," मी म्हटलं.

बाईंनी कुंपणाची फळी घट्ट धरली. "मला सांगते, आजीनं जेवायला घातलं. उन्हाळाभर तिनं माझ्याकडे घासभरही खाल्लेलं नाही."

मला खरं तर त्या क्षणी बाईंचाच राग आला. एवढे दिवस गप्प का बसलात, असं काहीतरी मी फटकन बोलले. त्या म्हणाल्या, "कपडे ठेव आणि आत ये. माझं लक्ष गेलं नाही असं नाही. मला खात्री करून घ्यायची होती. हे खोटं मी ओळखते."

त्यांच्या स्वयंपाकघरात मी बसले, त्या उभ्याच राहिल्या. सिंककडे पाठ करून, हात एप्रनच्या खिशात घालून त्या बोलल्या. मोठा आवाज नाही, रडणं नाही.

त्यांना एक मोठी बहीण होती. घेट्टोत बहीण आणि आई एका कारखान्यात जर्मन सैन्याचे गणवेश शिवायच्या, वेगवेगळ्या खात्यांत. कामावर असणाऱ्याला दुपारी पातळ सूप मिळे. पाव आठवड्याचा एकदम मिळे, तो पुरवून खायचा. बहीण रोज डब्यातून आपलं सूप घरी आणायची आणि धाकटीला पाजायची. आईला सांगायची, मी कारखान्यात जेवले, हे जास्तीचं मिळालं. कारखान्यातल्या मैत्रिणींना सांगायची, मी घरी पाव खाऊन आले. दोन्हीकडे विश्वास ठेवला गेला.

"मला कळत होतं का?" बाई म्हणाल्या. "मी मोठी झाल्यावर स्वतःला फार विचारलं. मला ती म्हणायची, मला भूक नाही. आणि त्या तारांच्या आत भूक नसलेलं एकही माणूस नव्हतं, कुत्रीमांजरंसुद्धा उरली नव्हती. पण मी भुकेली होते ना. भुकेल्या माणसाला ते खोटं फार सोयीचं असतं."

मग एक दिवस पोलीस आणि सैनिक घराघरांत शिरले. सगळ्यांनी खाली अंगणात या, रांगेत उभे राहा. कामाला येतील ते ठेवायचे, बाकीचे गाड्यांत घालायचे. गाड्या कुठे जातात ते कुणी सांगत नव्हतं आणि परत कुणी येत नव्हतं. आईनं जिन्यातच दोघींचे गाल चोळून चोळून लाल केले. धाकटीच्या पायाखाली एक लाकडाचा तुकडा सरकवला, उंच दिसावी म्हणून. मोठीचे पाय तोवर उपासमारीनं सुजले होते, बूट चढत नव्हते. रांगेसमोरून चालत आलेला अधिकारी धाकटीच्या गालांकडे बघून पुढे गेला. मोठीच्या पायांकडे बघून त्यानं नुसतं बोट हलवलं.

"ते गाल तिच्या सुपावर आलेले होते," बाई म्हणाल्या आणि किटलीत पाणी भरायला वळल्या.

मी घरी आले ती तणतणतच. मुलीला खोलीत गाठलं, दोन्ही घरांचा हिशेब तिच्यापुढे मांडला आणि बाईंच्या बहिणीची गोष्टही सांगून टाकली. ती पांढरीफटक पडली. मग माझ्या अंगावर आली. "डोन्ट यू डेअर! दॅट्स द होलोकॉस्ट, आई! त्यांना फूड नव्हता. आपल्याकडे फुल फ्रिज आहे. तू असं कम्पेअर कशी करू शकते? मी फक्त फास्ट करते. आजीला विचार!"

आणि आजी दारात उभ्याच होत्या. "काय चाललंय? व्रत करणाऱ्या पोरीवर ओरडतेस? तुम्हाला जमलं नाही, तिला जमतंय, तर देवाच्या आड येऊ नकोस गं." पोरीनं आजीच्या पदरामागून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विजय होता, आणि भीतीही होती. भीती मला दिसली म्हणून मी पुढे एक शब्द बोलले नाही. सासूबाईंवर मात्र मी आठवडाभर धुमसत होते, हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

नवऱ्यानं या वेळी निदान कपाळाला आठ्या घातल्या. तिला जीपीकडे, आमच्या भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे, नेलं. तिथे ती गोड हसली, आमचा रिलिजस फास्ट आहे, फेस्टिव्हलला संपेल, म्हणाली. जीपी बिचारी सौजन्यानं मागे सरली. दुसऱ्याच्या धर्मात कोण नाक खुपसणार? वजन बघत राहू, पुन्हा या, असं ठरलं. नवरा म्हणाले, "कार्तिकीला चातुर्मास संपतोय. तोवर धीर धर." मग सगळं घर कार्तिकी एकादशीची वाट बघायला लागलं. मी तर देवाला हात जोडून सांगत होते, ऊठ बाबा लवकर, झोप पुरे झाली.

ऑक्टोबरात ती जिना चढताना मधेच थांबायला लागली. कठड्याला धरून, खिडकीतून बाहेर काहीतरी बघत असल्यासारखी. नखं निळसर. हाताला हात लागला तर गारठा माझ्या अंगात यायचा. मी तिच्या खोलीबाहेर उगाचच घोटाळायचे, श्वास ऐकायचे. कामावर कुणाच्या छातीचा एक्स-रे घेतानाही मला तिच्याच बरगड्या दिसायच्या.

कार्तिकीच्या आदल्या दिवशी तिनं जेवणाच्या टेबलाशी जाहीर केलं, "आजी, मी हे आता फुल इयर करणार. पुढच्या कार्तिकीपर्यंत."

सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. "गुणाची गं माझी बाय ती." त्या महिन्याच्या अखेरीस त्या पुण्याला परत जाणार होत्या. आजी जाणार आणि परवानगी मागे ठेवून जाणार, हे माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. वर्षभर! ती वर्षभर टिकणार नव्हती. हे मला जितकं स्वच्छ दिसत होतं तितकं आयुष्यात दुसरं काहीही दिसलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. नवरा ऑन-कॉल म्हणून हॉस्पिटलात गेलेले. मी सकाळीच शेजारी गेले आणि बाईंना म्हटलं, "तुम्ही मला सांगितलंत ते माझ्या सासूबाईंना सांगा. माझं त्या ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

बाई ताडकन म्हणाल्या, "नाही."

मी हात जोडले. त्यांना ते आवडलं नाही. "माझी बहीण म्हणजे औषधाची बाटली नाही," त्या म्हणाल्या. "कुणाचं मूल जेवावं म्हणून मी तिला बाहेर काढायची? मी साठ वर्षं तिला तुझ्याखेरीज कुणाच्या हाती दिलेलं नाही. शाळांतून लोक विचारायला येतात, त्यांनाही नाही. तुझी मुलगी तुझ्यावर ओरडली ते मी भिंतीतून ऐकलं, तिचं बरोबर आहे. हे आणि ते एक नव्हे."

"मग मी काय करू?" मी विचारलं. मला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. मी परत आले, आणि येताना त्यांचं फाटक मुद्दाम जोरात आपटलं.

दुपारी स्वयंपाकघरात सासूबाई वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करत होत्या. मुलगी निर्जळीच होती. बाहेर पोस्टमन काहीतरी देऊन गेला, ते घ्यायला ती फाटकापर्यंत गेली आणि परत येताना फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिली. मी खिडकीतून बघत होते. तिनं खांबाला कपाळ टेकलं. पळत सुटावं म्हणून मी वळले, तोवर शेजारचं दार उघडलं होतं. बाई बाहेर आल्या, तिच्या काखेत हात घातला आणि तिला आमच्या घरात घेऊन आल्या. तिला खुर्चीत बसवलं. मग परत गेल्या आणि पाव, लोणी आणि सुरी घेऊन आल्या.

"मी बोलते ते तुझ्या सासूला शब्दाला शब्द सांग," त्या मला म्हणाल्या. "मऊ करू नकोस."

मी मऊ केलं नाही. सासूबाई गॅससमोर उभ्या होत्या, हातात डाव. बाई एक वाक्य बोलायच्या आणि थांबायच्या, मी ते मराठीत सांगायचे. तारा. कारखाना. सुपाचा डबा. 'मी तिकडे जेवले, मी इकडे जेवले.' मुलगी दोनदा मधे बोलली, "आई, स्टॉप इट, प्लीज." मी थांबले नाही. अंगणातली रांग आली तेव्हा सासूबाईंनी गॅस बंद केला. बोट हललं तेव्हा त्यांनी डाव खाली ठेवला आणि पदर तोंडाशी नेला.

"विचार त्यांना," सासूबाई म्हणाल्या, "त्या वेळी त्यांच्या बहिणीला कुणी विचारलं नाही का, खरंच जेवलीस का म्हणून?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "नाही. ती इतकी चांगली मुलगी होती. चांगल्या मुलीवर कोण संशय घेतं?"

हेही मी सासूबाईंना तसंच सांगितलं.

सासूबाई बराच वेळ नातीकडे बघत राहिल्या. मला वाटतं, इतक्या महिन्यांत त्यांनी तिच्याकडे प्रथमच पाहिलं. तिचे केस, तिची मान, जंपरच्या बाहीतून दिसणारे हात. मग त्या टेबलापाशी आल्या. बाईंनी पावाचा तुकडा कापून ठेवला होता, त्यावर लोणी लावलेलं. सासूबाईंनी तो उचलला.

"आई, आज एकादशी आहे," मी नकळत बोलून गेले.

"ठाऊक आहे मला. लग्न होऊन आल्यापासून एकही मोडलेली नाही."

आणि त्यांनी तो पाव खाल्ला. एक घास, दुसरा घास, सावकाश चावून, उभ्यानंच. एकादशीला, बेकरीचा पाव, तोही देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी. मुलगी डोळे विस्फारून बघत होती. "आजी, काय करते तू? आजी, नो!"

सासूबाईंनी पदराला हात पुसले. "माझा उपास मोडला. तुझाही मोडला. व्रत मी सांगितलं होतं, मीच संपवते. काही पाप लागायचं असेल तर ते मला लागू दे, मी बघेन वर जाऊन. आता देवासाठी तुझ्यावर काहीही नाही. आता बोल. का जेवत नाहीस?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पदराआड जावं तर तो पदर आता समोर उभा होता. बाईंनी दुसरा तुकडा कापून तिच्यापुढे सरकवला. तिनं हात पुढे केला, पावाला लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

मी हे लिहिते आहे म्हणून कुणी असं समजू नये की तिनं तो घास खाल्ला आणि सगळं मार्गी लागलं. तिनं त्या दिवशी तो खाल्ला नाही. पुढे हॉस्पिटल आलं, नाकातून अन्न घालायची नळी आली, शिव्याशाप आले, दोन पावलं पुढे आणि एक मागे अशी कितीतरी वर्षं गेली. ते सगळं खरंच होतं. पण ती आज आहे, आणि ती आहे ते त्या दुपारी जे झालं त्यामुळे.

ती बोलली ते मराठीत, आजीकडे बघून, लहानपणी बोलायची तशा आवाजात.

"आजी, मला खाता येत नाही. मी ट्राय करते. मला येतच नाही."

सासूबाईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं. शेजारच्या बाई माझ्याकडे बघत होत्या, सुरी हातात तशीच.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. शब्दाला शब्द.

बाईंनी सुरी खाली ठेवली. इतक्या वर्षांत प्रथमच मी त्यांना आमच्या घरात खुर्चीवर बसताना पाहिलं.

"तिनं नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी लहान होते, पण तिनं सांगितलं असतं ना, तर मी डबा परत केला असता."